शाळेचा टोप

इंदुबाईला काय होतंय ते गावात कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे सगळ्यांचं बरं चाललं होतं. धरमतरच्या खाडीकाठच्या त्या गावात जिल्हा परिषदेची शाळा, आणि शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी ती बाई. सकाळी चूल पेटवायची, तांदूळ-डाळ धुवायची, मधल्या सुट्टीच्या आत तो भलामोठा टोप चुलीवरून खाली उतरवायची, पोरांना वाढायची आणि टोप घासून पालथा घालून घरी जायची. पोरं तिला मावशी म्हणत, गुरुजी इंदुबाई म्हणत. तिच्या हाताला चव होती आणि इतक्या वर्षांत तिने खिचडी एकदाही करपू दिली नव्हती. गावाला एवढं पुरे होतं. टोप उतरवताना ती ओठ दातांत का धरते, आणि मग चुलीपाशी उकिडवी बसून पदर सारखा केल्याचं सोंग का करते, हे विचारायला सवड कुणाला होती?

तिचं अंग बाहेर येत होतं. बायकांना हे फोडून सांगावं लागत नाही आणि पुरुषांना सांगायची सोय नाही. शेवटच्या बाळंतपणानंतर थोडंसंच होतं. मग शाळेचा टोप नशिबी आला आणि वाढत गेलं. जुन्या लुगड्याच्या चिंधीची घडी करून ती आत बांधायची आणि दिवस ढकलायची. चालताना ओढ बसायची, खोकला आला की लघवी आवरायची नाही. नवऱ्याला, म्हणजे गुणाजीला, एवढंच ठाऊक होतं की हिची कंबर दुखते. कंबर कुणाची दुखत नाही, असं म्हणून तो खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदीच्या बांधावर कामाला निघून जाई.

ही नोकरी तिला मिळाली तीच मुळी टोप उचलून. त्याआधी ती मिठागरात पाट्या वाहायची. मिठागरात एक रीत असते. पाटी मिठाने भरली की बाई हाक मारते, ‘हात लावा गोऽ’, आणि जवळ जो कुणी असेल त्याने हातातलं काम टाकून यायचं, पाटीला हात लावायचा आणि ती तिच्या डोक्यावर चढवून द्यायची. भांडण असो, वर्षानुवर्षांचा अबोला असो, या हाकेला नाही म्हणायचं नाही. एकटीनं पाटी उचलायला जाणारी बाई तिथे शहाणी समजली जात नाही. हे इंदुबाईला जन्मापासून माहीत होतं.

पण शाळा म्हणजे मिठागर नव्हे. खिचडीसाठी बाई नेमायची ठरली तेव्हा जागा एक आणि उमेदवार दोन, इंदुबाई आणि तिच्या शेजारची हौसा. शाळा समितीचा अध्यक्ष केरूशेठ खुर्चीत बसला होता. त्याने पाण्याने काठोकाठ भरलेला टोप चुलीवर ठेवायला लावला आणि विचारलं, “दोगींची जागा नाय. एकटीला जमंल का?” हौसाने टोपाकडे बघितलं आणि सरळ विचारलं, “उतरवाला हात कोन लावंल?” झालं. तिला हात हवाय, म्हणजे तिला जमत नाही, असं ठरलं. मग इंदुबाई पुढे झाली. पदर खोचला, फडकी धरली आणि तो टोप एकटीनं उचलून खाली ठेवला. पाण्याचा थेंब सांडला नाही. केरूशेठने मांडीवर थाप मारली. घरी जाताना इंदुबाईच्या ओटीपोटात कळ येत होती आणि आनंदाने तिला ती कळ कळतही नव्हती.

तेव्हापासून तिने कधी कुणाला हाक मारली नाही. हाक मारली की जागा गेली, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तिचं बिंग फोडलं ते तिच्या मुलीने. मैना रोह्याला दिलेली, जावई जगन धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा. मैनाच्या दुसऱ्या बाळंतपणाला इंदुबाई रोह्याला गेली होती, तेव्हा मोरीत त्या चिंध्या धुताना मैनाने तिला पकडलं.

“आये, ह्या कसल्या चिंध्या?”

“कसल्या नाय.”

“आये, खरं सांग.”

दुसऱ्या दिवशी ओल्या बाळंतिणीनेच आईला हाताला धरून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, “पिशवी खाली उतरलीये, मावशी. ऑपरेशन करावं लागेल. जिवाला धोका नाही, घाईही नाही. पण आपोआप बरं होणार नाही, वाढतच जाईल. तुम्ही सांगाल तेव्हा करू. नंतर तीन महिने जड उचलायचं नाही. पाण्याची कळशीसुद्धा नाही.”

एवढं सगळं बोलल्या, त्यातलं ‘घाई नाही’ तेवढं इंदुबाईने पदरात बांधून घेतलं. जिवावर बेतलं असतं तर सोपं झालं असतं. माणूस आडवं पडतं, चार जण उचलून गाडीत घालतात, कुणी काही विचारत नाही. पण आपल्या पायांनी चालत जायचं, आपल्या तोंडाने दिवस सांगायचा आणि त्यासाठी हातातलं काम सोडायचं, हे तिला चोरी केल्यासारखं वाटे. गणपती झाल्यावर बघू, म्हणाली. मग भातकापणी झाल्यावर. मग पोरांच्या परीक्षा झाल्यावर.

शेवटी फेब्रुवारीत एके दिवशी टोप उतरवताना आतून काहीतरी सरकलं आणि परत जागेवर गेलंच नाही. ती तिथेच बसली. ताट घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या एका मुलीने विचारलं, “मावशी, तुमच्या लुगड्याव पानी सांडलंय?” इंदुबाई म्हणाली, “व्हय गो, पानीच हाय.” पोरांना बसल्या जागेवरूनच वाढलं तिने त्या दिवशी. लाजेने तिचे कान गरम झाले होते. संध्याकाळी तिने मनाशी ठरवलं, आता पुरे.

हेडमास्तर हैबतराव गुरुजी घाटावरचे, माणूस वाईट नव्हे. वर्गात पोरांवर माया करायचे, शाळेत झाडं लावायचे. नाकाचं हाड वाढलं म्हणून त्यांनी मागच्याच वर्षी ऑपरेशन करून घेतलं होतं, भरपगारी रजेवर, आणि गावाने त्यांना शहाळी नेऊन दिली होती. त्यांच्यापुढे इंदुबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“गुरुजी, मना आपरेशन करायचं हाय.”

“अरे! कसलं?”

“पोटाचं.”

“तातडीचं आहे का?”

“तातडीचं नाय, पन...”

“मग मेमध्ये करा की. सुट्टीच असते. पोरांचे हाल व्हायला नकोत.”

ती मान हलवून परत आली. मे महिना उजाडला तेव्हा डॉक्टरीणबाई सुट्टीवर गेल्या. सुट्टी त्यांच्या नशिबात होती, काय करणार! तारीख मिळाली ती जूनमधली, नेमकी शाळा उघडायच्या सुमाराची. गुरुजींनी कपाळाला हात लावला. “इंदुबाई, आम्हाला रजा असते, तुम्हाला नाही. नियमच तसा आहे, मी काय करू? बदली बाई तुम्हीच द्या म्हणजे झालं.” केरूशेठ रस्त्यात भेटला तर म्हणाला, “मरत नाय ना? मंग घाई कसली?” जो तो तिला हेच विचारत होता. मरायला टेकल्याशिवाय बाईने स्वतःसाठी काही मागू नये, असा गावाचा कायदाच असावा.

बदली बाई द्यायची, हे ऐकल्यापासून इंदुबाईची झोप उडाली. खाडीपलीकडच्या गावात काय झालं ते तिला पाठ होतं. तिथली खिचडीवाली बाळंतपणाला माहेरी गेली. बदलीला आलेली जाऊ कामाला चांगली निघाली आणि समितीने तिलाच ठेवली. आता त्या दोघी जावा एका विहिरीवर पाणी भरत नाहीत. ऑपरेशनच्या टेबलावर मरायचं इंदुबाईला तेवढं भय नव्हतं. बरी होऊन परत यावं आणि शाळेच्या दारात दुसरीच बाई उभी असावी, याचं भय होतं. ती चूल तिची होती. गुणाजी तिला काय विचारायचा, गाव काय विचारायचं, पण रांगेतली पोरं ‘मावशी, मावशी’ करत ताटं पुढे करत, तेवढा वेळ ती कुणीतरी होती.

त्यात शकू आपणहून आली. शकूचा नवरा जेटीवर कामाला, स्वतःचं शेत नाही, त्यामुळे ऐन लावणीत मोकळी असलेली तरणी बाई गावात तीच. हात चलाख, बोलणं गोड.

“मावशी, मी करतंय तुमच्या बदली. तुमी बऱ्या झाल्याव तुमचं काम तुमाला परत. देवाशप्पत.”

शकू खोटं बोलत नव्हती, हेही इंदुबाईला दिसत होतं. म्हणूनच ती जास्त घाबरली. शकूने परत दिलं असतं, पण समितीने घेऊ दिलं असतं का? “ठरलंय गो माझं,” इंदुबाई घाईघाईने म्हणाली, “धोंडुबायला सांगितलंय मी.”

सांगितलं नव्हतं. शकूची पाठ वळल्यावर ती तशीच धोंडुबाईच्या दारात गेली.

धोंडुबाई म्हणजे गावातलं सगळ्यात मोडकं माणूस. कमरेतून वाकलेली, एका डोळ्याने अंधुक दिसणारी, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. सगळा जन्म मिठागरात गेलेला. आता घरी सून तिला चुलीला हात लावू देत नसे, कारण म्हातारी गप्पांच्या नादात भात जाळायची. अशी बाई बदलीला दिली की महिन्याभरात सगळं गाव इंदुबाईच्या नावाने हंबरडा फोडील, असा हिशेब होता तो. हिशेब कसला, लबाडीच. इंदुबाईला ते आतून कळत होतं.

“मना?” धोंडुबाई एवढ्या मोठ्याने हसली की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. “येडी झालीस का गो, इंदे? गावात बायका मेल्या का सगल्या?”

“तूच कर गो. तुझ्याव भरवसा हाय माझा.”

म्हातारीने आपला बरा डोळा तिच्यावर रोखला. मग म्हणाली, “करतंय.”

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी इंदुबाईने तिला चूल दाखवली, डबे दाखवले, तिखट-मीठ किती ते सांगितलं. धोंडुबाईने टोपाभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या कडीला बोट लावून बघितलं. “ह्यो भरलेला उतरवतेस कशी गो?”

“उचलायचा नि ठेवायचा. आनि काय?”

एवढंच म्हणाली. आपल्या अंगाची काय गत झाली ती टोपापायी, हे सांगितलं नाही. ही म्हातारी हा टोप एकटी उचलू शकणार नाही, हे पक्कं ठाऊक असताना तिने विषय बदलला.

रोह्याच्या एसटीत बसल्यावर मात्र तिने दोनदा मागे वळून पाहिलं. वडखळ गेलं, नागोठणं आलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहिलं. म्हातारीचा हात सुटतो, टोप कलंडतो, आणि रांगेतल्या पोरांच्या पायांवर उकळती खिचडी. मागे फिरावं, शकूच्या पाया पडावं, असं तिला वाटलं. खिडकीची सळई घट्ट धरून ती बसून राहिली आणि एसटी रोह्याच्या स्टँडात शिरली. ऑपरेशनच्या खोलीत नेताना सगळ्या बायका देवाचं नाव घेतात. इंदुबाईने शाळेतल्या पोरांची नावं घेतली.

ऑपरेशन नीट झालं. टाके सुकायला लागले. मैनाच्या दोन खोल्यांत भिंतीकडच्या खाटेवर ती पडून राही. कंपनीचा भोंगा वाजला की जगन डबा घेऊन बाहेर पडे, दुसरा वाजला की परत येई, आणि वारा फिरला की धाटावकडून आंबूस वास घरात शिरे. तिने कळशीला नुसता हात लावला तरी जगन ओरडे, “मामी, ठेवा ती! डाक्टरनी काय सांगितलंय?” आल्यावर पाण्याचे हंडे तोच भरी. जावयाने पाणी भरायचं आणि सासूने बघत बसायचं, याची तिला लाज वाटे. आणि लाज ओसरली की वाटे, इतकं सोपं असतं का हे? कुणीतरी येतं आणि उचलतं?

गावची खबर फोनवर यायची ती गुणाजीकडून, आणि गुणाजीच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे खडकातून पाणी काढणं.

“अवो, शालेचं काय?”

“चाललंय.”

“चाललंय म्हंजे?”

“चाललंय म्हंजे चाललंय. पोरं जेवतात.”

“धोंडुबाय करते नीट?”

“वरडते रोज. इकडं बांधाव ऐकू येतं.”

“वरडते? कशापायी?”

“मना काय ठाव?” आणि फोन बंद.

ओरडते. भाजलं असेल, हात सुटला असेल, पोरं अंगावर येत असतील. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंही काहीतरी होतं, आणि ते तिला एके दिवशी लख्ख दिसलं. फोन वाजला की ती वाईट बातमीची वाट बघायची. पोरं जेवतात हे ऐकून तिच्या जिवाला बरं वाटायला हवं होतं, आणि तिला बरं वाटत नव्हतं. टोप सांडावा, असं कुठेतरी तिला वाटत होतं. हे कळलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं आणि रडली. मैनाला वाटलं, टाके दुखताहेत.

तीन महिने व्हायला अजून अवकाश होता, तरी तिने हट्ट धरला. नुसतं बघून येते, काही उचलणार नाही, नातवाच्या गळ्याची शपथ. जगनने कंपनीतल्या आपल्या सुट्टीच्या दिवशी तिला एसटीने गावी आणलं. लावणी आटपली होती, शेतं हिरवीगार झाली होती. जगनला घरी बसवून ती हळूहळू चालत शाळेकडे गेली. मधली सुट्टी व्हायची वेळ होती. फाटकाशी पोचते न पोचते तोच तिला ते ओरडणं ऐकू आलं.

“हात लावा रेऽऽ!”

मिठागरातली हाक. तशीच लांब, तशीच हक्काची. शाळेच्या आवारात ती इतकी विचित्र वाटत होती की इंदुबाई जागच्या जागी थांबली.

वर्गातलं पाठांतर थांबलं. हैबतराव गुरुजी बाहेर आले, मागून धाकटे काळुराम गुरुजी. दोघांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, धोंडुबाईच्या हातातून फडकी घेतली, एकेक कडी धरली, “हां, उचला” म्हणून टोप अलगद खाली ठेवला. हात झटकले. धोंडुबाईने टोपाला बोटही लावलं नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून पोरांना दटावत होती, “मागं सरा रे, पाय भाजतील!” दुसऱ्या कुणाला यात काही नवल वाटत नव्हतं. रोजचंच होतं ते.

“अरे, इंदुबाई!” गुरुजींना ती दिसली. “या, या. कशी आहे तब्येत?” मग टोपाकडे बघत हसत म्हणाले, “कमाल आहे हो तुमची. आम्ही दोघे बाप्ये, तरी रोज कंबर धरतो. तुम्ही इतकी वर्षं हा एकट्या कसा उतरवत होता? कधी हाक नाही मारलीत.”

इंदुबाईने वर्गाकडे पाहिलं. गुरुजींच्या टेबलाजवळची खिडकी चुलीकडेच उघडत होती. ते तिथे बसून हजेरी मांडत आणि ती समोर टोप उतरवत असे, रोज.

“तुमी बघत व्हता ना, गुरुजी?” ती म्हणाली.

गुरुजींचं हसू ओसरलं. “बघत होतो,” ते म्हणाले. “पण तुम्हाला जमत होतं. म्हणजे, जमतंय असं वाटायचं.”

ते वाईट माणूस असते तर तिला शिव्या तरी देता आल्या असत्या. ती वळली आणि शाळेमागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. एवढ्यासाठी? एका हाकेसाठी आपलं अंग गेलं? हौसाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि आपण तिला हरवल्याच्या तोऱ्यात घरी गेलो होतो. तिला गुरुजींचा राग आला, केरूशेठचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

पोरं जेवायला बसल्यावर धोंडुबाई काठी टेकत मागे आली. “रडतेस काय गो? कोनाची पोरं भाजली नाय. खिचडी करपली चार-दोन टायमाला. खातात मेली.”

“तुना कोनी सांगितलं हाक माराला?”

“सांगाला कशाला पायजे? मना उचलत नाय, मंग मी काय करनार? आगरात काय एकटी उचलायचो का आपन? पहिल्या दिवशी हाक मारली, मास्तर आला. ना म्हनतो का बगू, म्हटलं. ना नाय म्हनला.” मग म्हातारीने तिच्याजवळ सरकून आवाज खाली केला. “मना का ठेवलीस त्ये मना ठाव हाय, इंदे. त्या शकूला नाय ठेवली, मना ठेवली.”

इंदुबाईने मान खाली घातली. “चुकलं गो माझं.”

“चुकलंच. मी भाजून मेले असते तर तुझी चूल तुना घट्ट. नाय का?” धोंडुबाई दात नसलेल्या तोंडाने हसली. पण हसून झाल्यावर तिने इंदुबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. “घे तुझी चूल परत. माझ्या डोल्यांना धूर सोसत नाय.”

म्हणजे जिच्यापायी एवढी लबाडी केली, ती जागा कुणी घेणारच नव्हतं. इंदुबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण छातीवरचं ओझं तसंच राहिलं. परत जाताना वाटेत शकू भेटली, पाण्याला निघालेली. तिने तब्येत विचारली, आणि इंदुबाईला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

गणपती झाले, तीन महिने सरले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, काम करा, पण तसला टोप जन्मात पुन्हा एकटीनं उचलायचा नाही. उचललात तर सगळं परत खाली येईल. इंदुबाई पुन्हा शाळेत हजर झाली.

“आलात? बरं झालं, बाई!” हैबतराव गुरुजी मनापासून म्हणाले. “आता आमची सुटका.” ते हसले, काळुराम गुरुजीही हसले, आणि दोघे आपापल्या वर्गात गेले. चेष्टाच ती. तरी इंदुबाईला हसता आलं नाही.

तिने चूल पेटवली. डाळ-तांदूळ शिजायला लागले, हळदीचा वास सुटला. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, मधे काही घडलंच नाही. खिचडी आळत आली तशी ती उठली, फडकी हातात घेतली आणि वर्गाकडे तोंड करून उभी राहिली. मिठागरात हीच हाक तिने हजारदा मारली असेल, पण इथे जीभ टाळ्याला चिकटून बसली.

“हात लावा,” ती म्हणाली. तिची हाक तिलाच ऐकू आली नसेल.

मग जोर करून, “हात लावा रे!”

वर्गात पाढे चालू होते. काळुराम गुरुजींनी खिडकीतून डोकावून पाहिलं. चुलीपाशी इंदुबाई आहे हे बघितलं आणि निवांतपणे परत फळ्याकडे वळले. इंदुबाईला जमतं, हे त्यांना माहीत होतं.

टोपातली खिचडी खदखदत होती. तळाशी लागायला आता वेळ नव्हता. तिचे हात आपोआप कड्यांकडे गेले, फडक्यातून ऊब लागली, पाठ वाकली. एवढं एकदाच, असं मनात आलं. पोरं भुकेली आहेत. आणि मग ओटीपोटात टाक्यांपाशी ओढ बसली.

तिने हात काढून घेतले. फडकी खांद्यावर टाकली, पाट ओढला आणि चुलीपासून चार हात लांब जाऊन बसली. जळती लाकडं मागे ओढता आली असती. तीही तिने ओढली नाहीत.

“हात लावा रेऽऽ!”

आता आवाज भिंतीपलीकडे गेला. आधी बारीक धूर आला, मग वास. इतक्या वर्षांत त्या शाळेने इंदुबाईच्या हातचा तो वास घेतला नव्हता. ती बसून बघत राहिली. रडू तोंडापर्यंत आलं होतं, पण ती उठली नाही. वर्गातले पाढे एकेक करून थांबले.

हैबतराव गुरुजी धावत दारात आले. “इंदुबाई! अहो, करपतंय ना! उतरवा की!”

“हात लावा,” इंदुबाई म्हणाली.

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काळुराम गुरुजींना हाक मारली, बाह्या दुमडल्या आणि तिच्या खांद्यावरची फडकी मागायला हात पुढे केला. दोघांनी टोप खाली ठेवला. तळ काळा पडला होता. गुरुजी हात पुसत आत गेले.

पोरं ताटं घेऊन रांगेत आली. इंदुबाईने वरवरची बरी खिचडी आधी लहानग्यांना वाढली. मागच्या एका मुलीने घास घेऊन तोंड वाकडं केलं.

“मावशी, करपलेली हाय.”

“हाय,” इंदुबाई म्हणाली आणि पुढच्या ताटात डाव रिकामा केला. “उद्या नाय करपनार.”